सुंभ, जाळं आणि क्रोशाची सुई: वेंगुर्ला-मालवणचे दोन दिवस

रत्नागिरीत लोकरीचा स्वेटर विणायचा तो पुण्याच्या नातवासाठी. इथल्या दमट हवेत तो घालणार कोण? आमच्या गुरुवारच्या विणकाम मंडळात हा विनोद आता शिळा झालाय. म्हणून या फेब्रुवारीत ठरवलं, आपल्या किनाऱ्यावरचा धागा बघून यायचा. वेंगुर्ल्याला काथ्या, मालवणला जाळी. निघालो सहाजणी.

रत्नागिरीहून रेल्वेने कुडाळ, तिथून वेंगुर्ला साधारण 25 किलोमीटर. मुंबईच्या मैत्रिणींनी रात्रीची कोकणकन्या धरली तर सकाळी कुडाळला उतरता येईल. रिक्षा मात्र आधी ठरवून घ्या. आम्ही स्टेशनबाहेर पाऊण तास घासाघीस केली आणि शेवटी पहिल्याच रिक्षावाल्याने सांगितलेल्या भाड्यात गेलो.

वेंगुर्ल्याजवळ एका ओळखीच्या घरी काथ्याचं काम चालतं. अंगणाशी पोचायच्या आधीच वास आला, कुजक्या अंड्यांचा. नारळाची सोडणं खाऱ्या पाण्यात कित्येक महिने दडपून ठेवतात. मधला भुसा कुजून सुटतो आणि तंतू मोकळे होतात. मग ती लाकडी दांड्याने कुटायची. हेच ते काथ्याकूट! दहा मिनिटं दांडा चालवल्यावर माझा खांदा भरून आला. निष्फळ चर्चेला हा शब्द कुणी लावला कोण जाणे, इथे तर प्रत्येक फटक्यागणिक तंतू सुटताना दिसतात.

सुंभ, म्हणजे काथ्याची दोरी, वळायला शिकवलं त्या घरच्या आजींनी. चिमूटभर तंतूंचे दोन पदर तळव्यांमध्ये धरायचे, दोन्ही एकाच दिशेने वळायचे आणि सोडून द्यायचे. सोडल्याबरोबर ते आपोआप उलट्या दिशेने एकमेकांभोवती गुंडाळतात. माझा सुंभ दर वेळी तुटत होता. आजी म्हणाल्या, "हात सैल सोड गो, पीळ आपसूक बसता." मी ताणून धरत होते, जसा क्रोशाचा दोरा बोटावर धरते तसा. सैल सोडल्यावर वीतभर नीट जमला. सुती दोऱ्यालाही हेच दोन उलटे पीळ असतात, पण तीस वर्षं विणूनही मी ते कधी निरखून पाहिले नव्हते. क्रोशा करताना काही दोऱ्यांचे पदर का सुटतात, तेही तिथेच कळलं. सुईवरून दोरा घेताना हाताचा फेर पदरांच्या पिळाविरुद्ध पडला की दोरा उकलत जातो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, आमचा दोरा तेवढा मानी नाही.

ओसरीवर जुनं शिंकं टांगलेलं होतं. हल्ली शहरात मॅक्रमे म्हणून कुंडीला जे महागडं टांगणं घेतो, ते हेच, फक्त यात दह्याचं मडकं असायचं. गाठींचे फोटो काढायला विसरू नका.

दुसऱ्या दिवशी मालवणला, दांडीच्या किनाऱ्यावर. सिंधुदुर्ग किल्ला समोरच, पण आम्ही त्याच्याकडे पाठ करून बसलो, कारण एक काका जाळं सांधत होते. चपट्या प्लॅस्टिकच्या सुईवर दोरा गुंडाळलेला, डाव्या हातात पट्टी. पट्टीच्या रुंदीवरून जाळ्याचं घर ठरतं, म्हणजे आपला सुईचा नंबर म्हणा. प्रत्येक गाठीला दोरा पट्टीभोवती, वरच्या घरातून, मागून वेढा आणि खेच. त्यांच्या वडिलांच्या काळी जाळी सुताची असत. आता सगळं नायलॉन, आणि तो निसटतो म्हणून वेढा दोनदा घ्यावा लागतो. एकेरी वेढ्याची ही गाठ म्हणजे मागावर तुटलेला धागा जोडायची विणकरांची गाठच. सुती दोऱ्याचा नवा गुंडा जोडताना वापरून बघा, फुगवटा फार येत नाही.

जाळ्यांचं काम भरपूर बघायचं तर यांत्रिक मासेमारी बंद असते तेव्हा जा, 1 जून ते 31 जुलै. तेव्हा सांधणी आडोशाला चालते. पावसाची तयारी हवी. होडीवरून नुकत्याच आलेल्या माणसाला मात्र प्रश्न विचारू नका, तो दमलेला असतो. आणि फोटोआधी विचारा.

सुया बांबूच्या न्या. खाऱ्या हवेत घामाच्या हाताने ॲल्युमिनियमची सुई पांढऱ्या दोऱ्यावर राखाडी डाग पाडते. सुंभासाठी क्रोशाची सुई 8 मिलीमीटरच्या खाली नको. त्याहून बारीक सुईने विणायचा हट्ट मी केला आणि अंगठ्याला दोन दिवस पट्टी बांधून फिरले. खांब, म्हणजे क्रोशाचे उंच टाके, तर जमलेच नाहीत, फक्त मुके खांब, म्हणजे बुटके टाके, घालून तव्याखाली ठेवायची एक चकती झाली.

मोठी चूक परतताना केली. ओलसर काथ्याची जुडी आणि पांढऱ्या सुताचे चार गुंडे एकाच पिशवीत कोंबले. घरी पोचेपर्यंत सूत चहात बुडवल्यासारखं झालं होतं. काथ्याचा तपकिरी रंग पाण्यात उतरतो. आणल्यावर तो बादलीत भिजवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत बदलत राहा, मग सावलीत वाळवा. माझ्या चार गुंड्यांचं काही होणार नाही, शेवटी त्यांची पायपुसणी विणायला घेतली आहे.

उरलेली जुडी येत्या गुरुवारी आणते. येताना जुना टॉवेल आणा, भुसा फार सांडतो.