चर्चच्या जमिनीतून निघणारी वाट

वारीत आपलं सगळं लक्ष पोचायच्या गावाकडे. कळस दिसला की धाव ठोकायची, ती पंढरपूरसाठी. आळंदीला माणसं आदल्या दिवशी जमतात, पालखी हलली की तीही हलतात. आळंदी गाव म्हणून बघायला कोण थांबतं? फ्रान्समधल्या ल प्वी-आँ-व्हलेचं तसंच झालंय. स्पेनमधल्या सांतियागो दे कोम्पोस्तेलाला, संत याकोबाच्या समाधीला, पायी निघालेले हजारो लोक दरवर्षी इथे येतात. संध्याकाळी उतरतात, सकाळी सातची प्रार्थना करतात आणि आठ-साडेआठला गावाबाहेर पडलेले असतात. गाव मात्र हजार वर्षं तिथेच आहे, निरोप देत.

आम्हाला सांतियागोपर्यंत जायचंच नव्हतं. तिथपर्यंत दीड हजार किलोमीटर चालायला ना रजा होती, ना गुडघे. लिओंला राहणारी माझी आतेबहीण आणि मी, दोघींनी त्या वाटेवरच्या सोग गावापर्यंत चालायचं ठरवलं आणि त्याआधी गावात निवांत मुक्काम. निघताना ती म्हणाली, "ताई, तिथे कुणी माऊली म्हणून पाया पडणार नाही हां. बोंझुर म्हणतील, तेवढ्यावर भागव."

सेंत-एतिएनहून छोटी गाडी लोआर नदीच्या घळीतून रमतगमत जाते. गाव दिसतं ते एकदम. लाल कौलांच्या गर्दीतून दोन सुळके वर आलेले: एकावर चर्च, दुसऱ्यावर तांबूस रंगाची प्रचंड मूर्ती. हा सगळा मुलूख ज्वालामुखीचा. लाव्हा नळीत थिजला, भोवतालचं मऊ ते झिजून गेलं आणि गाभा उभा राहिला. घरांचे, भिंतींचे, फरसबंदीचे दगड काळे. सह्याद्रीत हिंडलेल्या माणसाला या दगडाची ओळख करून द्यावी लागत नाही.

पहिल्या सुळक्यावरचं चर्च संत मायकेलचं. सुळका ऐंशीहून अधिक मीटर उंच, पायऱ्या २६८. हे चर्च बांधवलं गोदेस्काल्क नावाच्या इथल्या बिशपने, दहाव्या शतकात. हाच बिशप ९५०-५१ च्या हिवाळ्यात मोठा लवाजमा घेऊन सांतियागोला जाऊन आला. स्पेनबाहेरून तिथे गेलेल्या ज्या यात्रेकरूंची नावं आपल्याला माहीत आहेत, त्यांत हा अगदी पहिल्यांपैकी. नाव टिकलं कसं, तेही गमतीचं आहे. वाटेत अल्बेल्दाच्या मठात त्याने एका ग्रंथाची नक्कल करून मागितली आणि नक्कल करणाऱ्या गोमेस नावाच्या भिक्षूने सुरुवातीला लिहून ठेवलं, की हे अमुक बिशपसाठी, तो याकोबाच्या दर्शनाला निघाला असताना केलं. बिशपच्या बरोबर चाललेल्या खोगीरवाल्यांची, आचाऱ्यांची नावं अर्थातच कुणी लिहिली नाहीत.

दुसऱ्या सुळक्यावरची मूर्ती मला आवडली नाही. कडेवर बाळ घेतलेली मेरी, सोळा मीटर उंच. क्रिमियाच्या युद्धात सेव्हास्तोपोल पडल्यावर रशियाच्या २१३ तोफा फ्रेंचांच्या हाती लागल्या, त्या वितळवून ही ओतली आणि १८६० मध्ये उभी केली. मूर्तीच्या पोटातून जिन्याने वर जाता येतं. बहीण गेली, मी खाली बाकावर बसले. तोफांची देवी झाली हे चांगलंच, पण गावावर अशी पहारा देत उभी असलेली आई जरा धाकाचीच वाटते. गावातल्या लोकांचा जीव आहे तो हिच्यावर नाही, खाली कॅथेड्रलमध्ये बसलेल्या काळ्या मेरीवर.

कॅथेड्रल डोंगराच्या उतारावर बांधलेलं. जागा पुरेना म्हणून पुढचा भाग कमानींवर तोलून धरलाय आणि जिना थेट त्याच्या पोटाखाली शिरतो. खालून र्यू दे ताब्ल नावाची गल्ली चढत येते. जुन्या काळी इथे यात्रेकरूंना माळा-पदकं विकणाऱ्यांची मेजं लागायची, म्हणून हे नाव. गल्ली संपली की १३४ पायऱ्या. चढता चढता एका पायरीवर लॅटिन ओळ कोरलेली दिसते. बहिणीने फोनवर शोधून सांगितली: पाप टाळत नसशील तर या उंबरठ्याला शिवू नकोस, स्वर्गाच्या राणीला निर्मळ सेवाच हवी. मी तिथेच थबकले. उंबरठ्याशी थांबवलेल्या माणसांची आठवण मराठी माणसाला वेगळी करून द्यावी लागत नाही, आणि आमच्या चोखोबांना तर पापाचंही निमित्त लागलं नव्हतं.

आत काळी मेरी, मांडीवर बाळ, अंगावर भरजरी झगा. काळासावळा देव बघायची सवय असलेल्या डोळ्यांना ती लगेच आपली वाटली. पण ही मूळची नव्हे. मूळ मूर्ती क्रांतीच्या धामधुमीत ८ जून १७९४ ला मार्तुरे चौकात जाळली. आता आहे ती गावातल्याच दुसऱ्या देवळातून १८५६ च्या सुमारास आणून बसवलेली. १५ ऑगस्टला तिची मिरवणूक निघते. मार्तुरे चौकात आज नगरपालिका आहे. लोक कॉफी पीत बसतात.

गुड फ्रायडे नेमका २५ मार्चला आला की इथे मोठा उत्सव असतो, आपल्या सिंहस्थासारखा, पण त्याला बारा वर्षांची शिस्त नाही. २००५ ला झाला, लगेच २०१६ ला झाला, आता पुढचा थेट २१५७ मध्ये.

या गावाबद्दल मला सगळ्यात जास्त काय सांगायचं असेल तर ते एका सुताराबद्दल. पहिल्या क्रुसेडचा धार्मिक पुढारी अदेमार इथलाच बिशप, पोप दुसरा अर्बन १०९५ च्या ऑगस्टमध्ये इथे येऊन गेलेला, वगैरे गोष्टी माहितीफलकांवर मिळतात. द्युराँ नावाच्या सुताराचं नाव शोधावं लागतं. ११८२ चा सुमार. भाडोत्री सैनिकांच्या टोळ्या मुलूख लुटत होत्या आणि सरदारांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. या द्युराँला मेरीने दर्शन देऊन शांततेसाठी माणसं जमव असं सांगितलं, अशी वार्ता पसरली. माणसं जमली. डोक्यावर पांढरी टोपडी, छातीवर मेरीचं चित्र. जुगार खेळायचा नाही, दारूच्या गुत्त्यात जायचं नाही, शिव्या द्यायच्या नाहीत. माळकऱ्यांनी ओळखावीत अशी व्रतं. या लोकांनी ११८३ मध्ये लुटारूंचा पुरता बीमोड केला तेव्हा चर्च आणि सरदार दोघांनी वाहवा केली. मग हीच माणसं सरदारांना म्हणू लागली, की आता आमच्यावरचा भारही जरा हलका करा. झालं. एका रात्रीत ते पाखंडी ठरले. फौजा धाडून त्यांना चिरडलं. दूरच्या ओसेरमधल्या बिशपने तर आपल्या हद्दीतल्या टोपडीवाल्यांना शिक्षा म्हणून वर्षभर उघड्या डोक्याने राहायचं फर्मान काढलं.

मला हे वाचताना पिवळी जाकिटं आठवली. १ डिसेंबर २०१८ ला याच ल प्वीमध्ये इंधनाच्या करावरून पेटलेल्या आंदोलकांनी प्रेफेक्चर, म्हणजे आपल्याकडच्या कलेक्टर कचेरीसारखं सरकारी ठाणं, पेटवून दिलं. तीनच दिवसांनी राष्ट्राध्यक्ष मॅक्रों गाजावाजा न करता येऊन गेले. जेमतेम वीस हजार वस्तीचं, मसूर आणि मेरी एवढ्यावर ओळखलं जाणारं गाव. पण डोंगरी मुलखात गाडीशिवाय दूध आणायलाही जाता येत नाही; पॅरिसला जो कर वाटतो तो इथे दंड वाटतो. जाळपोळीचं समर्थन मी करत नाही. पण हे भाविक, गरीब गाव आहे असं समजून जो येतो, त्याने सुताराची गोष्ट आधी ऐकावी.

बायकांची गोष्ट वेगळी, पण धागा तोच. ल प्वीची लेस प्रसिद्ध. एका दुकानाच्या दारात एक आजी बसल्या होत्या. मांडीवर पेटीसारखी उशी, तिच्यात मधोमध फिरणारा रूळ, रुळावर भोकं पाडलेला नमुन्याचा कागद आणि त्यात टाचण्यांचं रान. दोऱ्यांच्या टोकांना लाकडी बॉबिनं. त्या बॉबिनं बघतच नव्हत्या. दोन उचलायची, एकमेकांवरून टाकायची, पीळ, टाचणी, पुन्हा. लाकडावर लाकूड आपटल्याचा बारीक खडखडाट चालू आणि तोंडाने आमच्याशी गप्पा. बोटभर लेस व्हायला किती वेळ लागतो, असं बहिणीने विचारलं तर म्हणाल्या, "गिऱ्हाईक किती बोलतं त्यावर."

सतराव्या शतकात, १६४० मध्ये, तुलूझच्या वरिष्ठ न्यायालयाने लेस घालण्यावर बंदी आणली, तेव्हा या मुलखातल्या बायकांची चूल विझायची वेळ आली होती. फ्रांस्वा रेजिस नावाच्या जेझुइट पाद्र्याने रदबदली करून ती उठवली अशी इथली श्रद्धा. तो आजही लेसवाल्यांचा संत. पुढे खेड्याखेड्यांत 'बेआत' म्हणून बायका असत. जोगिणी नव्हेत, पण संसारीही नव्हेत. त्या मुलींना प्रार्थना, थोडं वाचन आणि लेस शिकवत, आणि हिवाळ्यात साऱ्या बायका एका घरात जमून विणत. लेस पॅरिसच्या गळ्यांत गेली. मधल्या व्यापाऱ्यांनी घरं बांधली. विणणारीच्या हाती काय आलं, ते कुठल्या म्युझियमच्या काचेमागे ठेवलेलं दिसलं नाही.

जेवणाचं थोडक्यात सांगते. इथली हिरवी मसूर, बारीक, निळसर ठिपक्यांची. १९९६ मध्ये तिला भौगोलिक नावाचा हक्क मिळाला. ज्वालामुखीची माती आणि कोरडा उन्हाळा, यामुळे साल पातळ राहते आणि शिजली तरी दाणा फुटत नाही. हॉटेलात ती डुकराच्या मांसाबरोबरच देतात. नुसती द्या म्हटल्यावर वेटरने आमच्याकडे सहानुभूतीने पाहिलं. मोहरीची चटणी आणि व्हिनेगर घातलेली गार मसूर चविष्ट होती, पण मनात सारखी लसणाची फोडणी येत राहिली.

निघायच्या सकाळी सात वाजता कॅथेड्रलमध्ये. पाठीवरच्या पिशव्या भिंतीशी रचलेल्या. प्रार्थना झाल्यावर पाद्रीबाबा सगळ्यांना याकोबाच्या मूर्तीजवळ बोलावून कोण कुठून आलं विचारतात. क्वेबेक, बव्हेरिया, ब्रिटनी. "पुणे," मी म्हटलं. त्यांनी "पायी?" असं विचारलं आणि सगळे हसले. मग एक टोपली पुढे आली. तिच्यात गावातल्या, परगावच्या लोकांनी लिहिलेल्या चिठ्ठ्या: आम्हाला चालता येत नाही, आमचं मागणं तुम्ही घेऊन जा. मी एक उचलली. कापऱ्या अक्षरात नातवाला नोकरी लागू दे एवढंच होतं, आणि खाली नातवाचं नाव. अडनाव नाही, देवाला ठाऊक असणार.

आणि मग जमीन उघडली. खरंच. चर्चच्या मधोमध फरशीतली जाळी बाजूला झाली आणि खाली पायऱ्या दिसल्या, त्यांच्या तळाशी गल्ली, गल्लीच्या टोकाला सकाळचं गाव. इथे म्हणच आहे: ल प्वीच्या चर्चमध्ये बेंबीतून शिरायचं आणि कानांतून बाहेर पडायचं. आम्ही बेंबीतूनच बाहेर पडलो.

गावातून निघणारा चढ दम काढतो. वर पठारावर आलं की मसुराची शेतं, काळ्या दगडांचे बांध, फाट्याफाट्यावर क्रूस आणि झाडाखांबांवर जीआर ६५ या पायवाटेची पांढरी-तांबडी खूण. दिंडीची सवय असलेल्या मला त्रास झाला तो शांततेचा. टाळ नाही, विणा नाही, एकेकटी माणसं आपापल्या विचारात चाललेली. तासाभराने बहीण म्हणाली, "ताई, म्हण की काहीतरी." दोघींनी हळू आवाजात ज्ञानोबा-तुकाराम धरलं. पुढे चाललेल्या बव्हेरियाच्या बाईंनी मागे वळून पाहिलं आणि आमच्या ठेक्यात काठी टाकायला सुरुवात केली.

सँ-प्रिव्हाला मुक्काम. इथल्या यात्रेकरूंच्या निवासात बूट दाराशीच काढायचे असतात, त्यामुळे घरी आल्यासारखं वाटलं. पुढे रोशग्यूदच्या पडक्या बुरुजापासून मोनिस्त्रोलपर्यंतचा उतार गुडघ्यांचा हिशेब चुकता करून घेतो. आलिए नदी ओलांडली की तेवढंच परत चढायचं. सोगच्या आसपासच्या मुलखात १७६४ ते ६७ मध्ये एका श्वापदाने शंभराच्या आसपास माणसं मारली, बहुतेक गुरं राखणारी पोरं आणि बायका. आज गाव त्या श्वापदाच्या लाकडी पुतळ्यांवर आणि संग्रहालयावर चार पैसे मिळवतं.

सोगला आमची वाट संपली, चिठ्ठीची नाही. मी ती एका बेल्जियन आजोबांना दिली. ते सांतियागोपर्यंत जाणार होते. शिक्क्यांच्या वहीत ती नीट ठेवून त्यांनी विचारलं, "तुमच्या यात्रेतही चिठ्ठ्या देतात?" बहीण म्हणाली, "नाही, तोंडी सांगतात. माझा नमस्कार सांगा म्हणून."

दुसऱ्या दिवशी सगळे पश्चिमेला निघाले आणि आम्ही मिळेल त्या गाडीने उलटं, ल प्वीला. शनिवार होता, प्लो चौकात बाजार भरला होता आणि मसूर घ्यायची राहिली होती.