खिळ्यावरचा टॉवेल

सांगलीच्या मार्केट यार्डाजवळ एका खानावळीत मी आठवड्यातून दोनदा तरी जेवतो. तिथं बेसिनशेजारी भिंतीत एक खिळा आहे आणि खिळ्याला टॉवेल. टॉवेल सोलापुरी, जाड, मुळात पांढरा. पण हळदीच्या हंगामात तो पांढरा होता हे फक्त खिळ्यापाशी, वरच्या चार बोटांत कळतं. खाली सगळा पिवळा, आणि मधे मधे विटकरी-लाल डाग. हमाल, तोलाईदार, अडत्यांचे दिवाणजी, पोत्यात हात घालून हळकुंड मोडून बघणारे व्यापारी, दुपारी एकच्या सुमाराला सगळे तिथं येतात, हात धुतात आणि त्याच टॉवेलला पुसतात. जेवून पुन्हा धुतात, पुन्हा पुसतात. तीन वाजेपर्यंत टॉवेल इतका जड होतो की खिळ्यावरून घसरून पडतो. मग कुणीतरी तो उचलतो, झटकतो आणि परत अडकवतो. कुणीतरी म्हणजे बहुतेक वेळा मीच.

लाल डाग पानाचे, असं मालकांचं, म्हणजे अण्णांचं, ठाम मत. त्यांनी बेसिनवर पाटी लावली आहे: 'टॉवेलला तोंड पुसू नये.'

माझी अडचण अशी की मी हात पुसायचा कागद विकतो. गणपती पेठेत दुकान आहे. द्रोण, पत्रावळी, कागदी कप, टिश्यूच्या गड्ड्या, हँड टॉवेल. त्यामुळे त्या खिळ्याकडे बघताना मला एकाच वेळी जंतूही दिसतात आणि गिऱ्हाईकही. पण अण्णा काही माझे गिऱ्हाईक झाले नाहीत. "टावेल हाय की," एवढंच म्हणतात, आणि त्यावर बोलण्यासारखं खरोखरच काही उरत नाही.

मी दुकानावर बसायला लागलो तेव्हा हॉटेलांत हात पुसायला रद्दी असायची. पेपरच्या पानाचे आठ तुकडे फाडायचे, तारेत ओवायचे आणि तार खिडकीला टांगायची. भडंग खाऊन तेलकट झालेली बोटं मंत्र्याच्या फोटोला पुसण्यात जे समाधान होतं ते पुढे कुठल्याच कागदात मिळालं नाही. शाई मात्र बोटांना लागायची. २०१६ साली अन्नसुरक्षा प्राधिकरणानं वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नका अशी सूचना काढली, पण हात पुसायच्या तारा तोवर बऱ्यापैकी गेल्याच होत्या. त्यांच्या जागी आले स्टीलच्या ग्लासात खोचलेले त्रिकोणी टिश्यू.

हा टिश्यू म्हणजे माझ्या दुकानातला सगळ्यात जास्त खपणारा आणि सगळ्यात कमी कामाचा माल. एकपदरी, सोळा-अठरा जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरभर कागदाचं वजन सोळा-अठरा ग्रॅम. ओला हात लागला की त्याच्या शेवया होतात. बोटांच्या बेचक्यात पांढऱ्या वळ्या चिकटतात, त्या काढायला दुसरा टिश्यू, त्याच्या वळ्या काढायला तिसरा. त्यातही काही हॉटेलवाले गड्डी नेली की सुरीनं तिचे चार भाग करतात. एकानं तर मला विचारलं होतं, "आठ करून मिळंल का?" खरा हँड टॉवेल चाळीस जीएसएमच्या आसपासचा असतो. ओल्यातही ताकद टिकावी म्हणून त्याच्या लगद्यात एक रेझिन घालतात, त्यामुळे तो पाणी पितो पण फाटत नाही. (त्याचमुळे संडासात टाकला तर विरघळतही नाही, पाइप तुंबतो, आणि प्लंबर माझ्या नावानं शिव्या देतो.)

पाणी पिण्याचा हा गुण मी २०१९ च्या ऑगस्टमध्ये घाऊक भावात पाहिला. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. त्या महापुरात कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. पाणी ओसरल्यावर दुकान उघडायला गेलो तर शटर हलेना. आतली हँड टॉवेलची खोकी फुगून शटरला टेकली होती. पाणी टिपायचा माल, त्यानं पाणी टिपलं. तक्रार करायची कुणाकडे?

तर गेल्या फेब्रुवारीत एक विक्री प्रतिनिधी आला. पोरगा चुणचुणीत, आणि हात धुवून माझ्या मागे लागलेला. त्याच्याकडे नवा माल होता: जंतू मारणारा हँड टॉवेल, एकदा वापरा आणि टाका. कागदात बेन्झालकोनियम क्लोराइड नावाचं जंतुनाशक मुरवलेलं. कागद कोरडा आहे तोवर ते निमूट बसून राहतं, ओला हात लागला की विरघळून हातावर उतरतं. कल्पना मला आवडली. माणूस हात धुताना हजार लबाड्या करतो. साबण दाखवल्यासारखा करतो, अंगठा वगळतो, नळाखाली नुसती बोटं धरतो. पुसताना मात्र अगदी मन लावून पुसतो. मग औषध पुसण्यातच ठेवलं तर काय वाईट?

पण इतकी वर्षं कागदात घालवल्यावर शंका येतातच. असलं औषध जंतूला शिवलं आणि जंतू मेला असं होत नाही. त्याला काम करायला हात थोडा वेळ ओला राहावा लागतो. "आणि तुझा कागद तर तेच ओलं टिपून घेणार," मी म्हणालो. पोरगा हसला. "काका, तुम्ही लई खोलात जाता." साधा कागदसुद्धा घासण्यानंच हातावरचे बरेच जंतू उचलून नेतो, हे त्यालाही कबूल होतं. राहिला दर. साधा हँड टॉवेल नगाला साधारण चाळीस पैशांत पडतो, हा त्याच्या तिप्पट. जो माणूस टिश्यूचे आठ तुकडे करून मागतो त्याला मी हा कसा खपवायचा? पोरगा नमुन्याची दोन पाकिटं ठेवून गेला.

एक पाकीट घरी नेलं. आईनं एक कागद उपसून नाकाशी धरला.

"औषध हाय व्हय रे ह्यात?"

"जंतू मरतात."

"आणि मग त्याच हातानं भाकरी मोडायची?"

मला उत्तर सुचलं नाही. पाकिटावरचं सगळं लिखाण काट्या-चमच्यानं जेवणाऱ्या माणसाला धरून केलेलं होतं. संध्याकाळी बघतो तर गॅलरीतल्या दोरीवर, माझ्या बनियनशेजारी, चार कागद चिमट्यांत वाळत घातलेले.

आईच्या त्या प्रश्नानं माझ्या डोक्यात दुसरंच चक्र सुरू झालं. आपल्याकडे हात पुसणं येतं ते जेवणानंतर, आचवल्यावर. जेवणाआधी आपण हात धुतो, दोनदा झटकतो आणि तसेच ओल्या हातानं पानावर बसतो. आमच्या घरी तर ओला हात हाच धुतल्याचा पुरावा होता. हात कोरडा दिसला की आजी पानावरून उठवायची, "धुतलास कवा?" घरात ते खपून जातं, कारण मोरीपासून पाटापर्यंत मधे शिवायला काही नसतं. खानावळीत बेसिनपासून ताटापर्यंत नळाची चकती आहे, खुर्चीची पाठ आहे, मेनूकार्ड आहे, खिशातला मोबाइल आहे, आणि ओला हात या सगळ्यांशी कोरड्या हातापेक्षा फार लवकर सोयरीक जुळवतो. न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी १९९७ साली हेच मोजून दाखवलं: धुतलेल्या हातावर पाणी जितकं जास्त राहील तितके जंतू स्पर्शातून जास्त इकडून तिकडे जातात. जागतिक आरोग्य संघटनेनं हात धुण्याची जी रीत सांगितली आहे, ४० ते ६० सेकंदांची, तिच्या शेवटी एकदाच वापरायच्या टॉवेलनं हात कोरडे करणं येतं, आणि मग त्याच टॉवेलनं नळ बंद करणं. नळ उघडताना हात मळका होता, हे इतक्या वर्षांत माझ्याही ध्यानात आलं नव्हतं.

थोडक्यात, मी आयुष्यभर कागद विकला तो जेवण झालेल्या माणसाला. खरी गरज होती ती जेवायला बसणाऱ्याला. पण त्याला सांगणार कोण, आणि तो ऐकणार कशाला? हातावर काही दिसत तर नाही.

दिसत नाही म्हणून पटत नाही, हे मोठमोठ्यांचंही झालं आहे. व्हिएन्नाच्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस नावाचा हंगेरियन डॉक्टर होता. तिथले डॉक्टर शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींकडे जायचे आणि त्या वॉर्डात बाळंतिणी तापानं पटापट मरायच्या. सुइणींच्या वॉर्डात त्या मानानं कमी. १८४७ साली त्यानं डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावलं. एप्रिलमध्ये शंभरातल्या अठरा जणी दगावत होत्या, जूनमध्ये दोनवर आलं. जंतूंमुळे रोग होतो ही भानगड तेव्हा सहसा कुणाला ठाऊक नव्हती. मग त्यानं क्लोरीनच का निवडलं? तर प्रेताचा वास हातावरून कशानं जातो ते बघितलं, आणि क्लोरीननं गेला. जे दिसत नव्हतं ते त्यानं नाकानं धरलं. बाकीच्या डॉक्टरांना मात्र राग आला. आमचे हात घाण म्हणजे काय? आपल्या भाषेत ओल्या हातांचा अर्थ वेगळा होतो, पण हातांबद्दल बोललं की माणूस दोन्हीकडे सारखाच चिडतो.

मिरजेचं मिशन हॉस्पिटल डॉ. वॉनलेस यांनी सुरू केलं १८९४ साली. तेव्हापासून मिरज दवाखान्यांचं गाव आणि आज त्या दवाखान्यांवर माझं निम्मं दुकान चालतं. मिरज इथून पुरतं दहा किलोमीटरही नाही. तिथं डॉक्टर प्रत्येक पेशंटनंतर हात धुतो, कागदाला पुसतो, कागद पेडलच्या डब्यात टाकतो. आणि तोच डॉक्टर सांगलीत जेवायला आला की अण्णांच्या टॉवेलला हात पुसतो. पाहिलंय मी.

मार्चमध्ये एका दुपारी गर्दी ओसरल्यावर मी जेवत होतो. एक हमाल बेसिनशी आला. जाळीत बांधलेला साबणाचा चपटा तुकडा त्यानं हातांवर फिरवला, पाण्याची धार नुसती दाखवली आणि टॉवेलचं टोक मुठीत आवळलं. तो गेल्यावर मी सहज पाहिलं. पिवळ्या टॉवेलवर पाच बोटांचा पंजा उठला होता. लाल.

हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. साबणाचंही तेच. खारवटपणा लागला की हळदीचा रंग फिरतो. म्हणजे अण्णा वर्षानुवर्षं ज्या पानाला शिव्या घालत होते तो साबण होता, नीट न धुतलेल्या हातांवरचा! त्या टॉवेलवर सगळं लिहिलेलं होतं. पिवळं ते साबण न लावलेल्यांचं किंवा लावून न लावल्यासारखं केलेल्यांचं, लाल ते साबण लावून पाणी न घेतलेल्यांचं, आणि वरचं चार बोटं पांढरं तेवढं कुणाचंच नाही. सेमेलवाइसला नाक होतं, आमच्या गावाला हळद आहे. मला असा हर्ष झाला की मी उष्ट्या हातानंच अण्णांना हाक मारली.

अण्णा गल्ला सोडून आले. ही गोष्ट सहसा घडत नाही. मी साबणाचा तुकडा ओला केला आणि टॉवेलच्या पिवळ्या भागावर दाबला. बघता बघता लाल टिळा उमटला. अण्णा वाकून बघत राहिले. मी बोलत सुटलो. हातावर काय काय उरतं, ते टॉवेलवर कसं येतं, टॉवेलवरून पुढच्याच्या हातावर कसं जातं, हळद दिसते म्हणून कळतं, जे दिसत नाही त्याचं काय. खिशातून नमुन्याचा कागद काढला. त्याचं औषध सांगितलं, आणि ते नको असेल तर साधा चाळीस पैशांचाही चालेल, जेवणाआधी ठेवा, बेसिनशी ठेवा, डबा मी फुकट देतो. एवढं मी मिरजेच्या दवाखान्यांतही कधी बोललो नव्हतो.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग आत गेले, लिंबाची फोड घेऊन आले आणि त्या लाल टिळ्यावर पिळली. टिळा पुन्हा पिवळा झाला.

"गेलं की," ते म्हणाले.

शास्त्र दोघांच्याही बाजूनं होतं, त्यामुळे वाद घालता येईना. मी टॉवेल झटकून खिळ्याला अडकवला आणि दही मागवलं.

पुढच्या सोमवारी गेलो. बेसिनवरची पाटी काढलेली होती. क्षणभर वाटलं, जिंकलो. खिळ्याला नवा टॉवेल होता. जाड, सोलापुरी, गडद मरून. हमाल येत होते, पुसत होते, त्याच्यावर पिवळं दिसत नव्हतं की लाल.

मी हात धुतले, अंगठ्यांसकट, आणि खिशातून नमुन्याचा शेवटचा कागद काढला. सावकाश पुसले. नळ त्याच कागदानं बंद केला. अण्णा गल्ल्यावरून बघत होते.

"टाकू नका त्यो," ते म्हणाले. "हिकडं द्या. गल्ल्याची काच पुसतो."