रबाळ्यात स्टेन्ड ग्लास: मी, मावशी आणि मोडलेल्या तीन काचा

गेल्या रविवारी मावशीला घेऊन रबाळ्याला स्टेन्ड ग्लासचं, म्हणजे रंगीत काचांचे तुकडे जोडून चित्र करायचं, वर्कशॉप करून आले. ठाण्याला ९-१० नंबरवरून ट्रान्सहार्बर लोकल पकडली, १५ मिनिटांत रबाळे, एमआयडीसीच्या बाजूला उतरून रिक्षा. मेगाब्लॉक आहे का ते आदल्या रात्रीच बघा, आणि घरून खाऊन निघा कारण रविवारी तिकडे सगळं बंद, आम्ही चहासाठी अर्धा तास फिरलो आणि शेवटी मावशीच्या पर्समधल्या राजगिऱ्याच्या वड्यांवर भागवलं.

स्टुडिओ म्हणजे एका गाळ्याचा पोटमाळा. रॅकमध्ये काचा उभ्या ठेवलेल्या, तशा बघितल्या तर निळी काय न् जांभळी काय, सगळ्या काळ्याच. मग शिकवणाऱ्या ताईंनी एकेक उचलून खिडकीसमोर धरली आणि माझे पैसे तिथेच वसूल झाले! गडद निळी कोबाल्टची. ती माणकासारखी लाल-गुलाबी होती ना, तिच्यात चक्क सोनं असतं, अगदी किंचित, म्हणून ती महाग. आणि साध्या खिडकीच्या काचेची कड हिरवट दिसते ती वाळूतल्या लोखंडामुळे. मावशी मधेच म्हणाली, "अगं, आमच्या देवरुखच्या घरी छपरात एक काचेचं कौल होतं, त्यातला कवडसा सरकत सरकत जात्यापाशी आला की आई म्हणायची, चहा टाका आता." ताई पण हातातली काच धरून ऐकत राहिल्या.

काच कापत नाहीतच मुळी, हे मला माहीत नव्हतं. कटरने वरून फक्त रेघ मारायची, एकसारखा करकर आवाज यायला हवा, मग दोन्ही बाजूंना अंगठे ठेवून मोडायची. त्याच रेघेवरून परत कटर फिरवायचा नाही. मी फिरवला, तीन काचा गेल्या. आतल्या बाजूला वळणारे आकार सगळ्यात खोडसाळ, त्यामुळे पहिल्याच वेळी फुलंबिलं करायला जाऊ नका. मावशीने शहाणपणाने पतंग घेतला, चार तुकडे, सगळ्या सरळ रेघा.

पुढे कडा घासायच्या, कडेला तांब्याची चिकटपट्टी, त्यावर फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात ते), मग सोल्डर, म्हणजे तुकडे जोडायला वितळवतात तो मऊ धातू. मोठ्या खिडक्यांत या चिकटपट्टीऐवजी खाचा असलेल्या शिशाच्या पट्ट्या असतात, काच त्या खाचेत बसते. चित्रातल्या त्या काळ्या रेघा मला नक्षी वाटायच्या, पण काच धरून ठेवतात त्याच, म्हणजे चेहऱ्यावरून रेघ जाऊ द्यायची नसेल तर आधीच डोकं लढवायला लागतं. रोज सीएसएमटीला उतरते मी, तिथल्या रंगीत काचांकडे सोमवारी पहिल्यांदा मान वर करून बघितलं, मागून धक्के खाल्ले ते वेगळं.

बंद बूट घाला, ओढणी नको. सोल्डरमध्ये शिसं असतं, तेव्हा साबणाने हात धुतल्याशिवाय वडीला हात लावायचा नाही (मावशीला दोनदा ओरडले). सकाळची बॅच घ्या आणि पावसाळ्यात शक्यतो नको, उजेडच नसेल तर बघणार काय. परत येताना डबा आणि जुनी वर्तमानपत्रं हवीत, आम्ही पतंग मावशीच्या शालीत गुंडाळून आणला.

आता तो नौपाड्यात तिच्या गॅलरीत टांगलाय. गॅलरी पूर्वेची, समोर टॉवर, त्यामुळे रंग भिंतीवर पडतात ते जेमतेम अर्धा तास. तुम्ही निघण्याआधी आपली खिडकी कुठल्या दिशेची ते बघून ठेवा, आम्ही नव्हतं बघितलं.