व्हर्साय आणि हिटलर यांच्यामधली गाळलेली वर्षं

इतिहास शिक्षकांच्या प्रशिक्षणात सगळ्यात वाया जातं ते तज्ज्ञांचं दोन तासांचं व्याख्यान. माहिती शिक्षकांकडे असतेच, घोडं अडतं कारणमीमांसेत. ‘व्हर्सायचा तह (पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीवर लादलेला) अपमानास्पद होता, म्हणून हिटलर आला’ हे वाक्य वर्गावर्गात बिनबोभाट चालतं. नव्वद मिनिटांचं एक सत्र या एकाच वाक्यावर घ्यावं.

आधी प्रत्येकाने ‘हिटलर सत्तेवर का आला?’ याचं उत्तर एका वाक्यात लिहून कागद पालथा ठेवायचा. मग चार-चारांचे गट. प्रत्येक गटाला चिठ्ठ्या, एकीवर एक घटना किंवा आकडा. त्या एकेक करूनच द्यायच्या. एकदम दिल्या की सगळे शेवटची आधी वाचतात आणि विचार तिथेच संपतो. पहिली: तह, जून 1919. दुसरी: जर्मन चलन कोसळलं, 1923. तिसरी: मे 1928च्या निवडणुकीत हिटलरच्या नाझी पक्षाला 2.6 टक्के मतं. इथे दहा मिनिटं थांबा. अपमान नऊ वर्षांचा जुना, महागाईचा कहर होऊन गेलेला, आणि मतं एवढीशीच? हा प्रश्न गटातूनच यायला हवा. शांतता असह्य होऊन मार्गदर्शकाने उत्तर सांगून टाकलं, की सत्र गेलं.

पुढे सप्टेंबर 1930: 18.3 टक्के. जुलै 1932: 37.3. मध्ये जागतिक मंदी, 1932च्या सुरुवातीला साठ लाखांवर बेकार. आता गट ‘मंदीमुळे’ लिहून मोकळे होतात. म्हणून एक चिठ्ठी राखून ठेवायची: नोव्हेंबर 1932, मतं घसरून 33.1 टक्के. तरीही 30 जानेवारी 1933 रोजी राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्ग यांनी हिटलरला चॅन्सेलर, म्हणजे सरकारचा प्रमुख, नेमलं. बहुमत नसलेल्या माणसाला आपण काबूत ठेवू, असा माजी चॅन्सेलर फ्रान्झ फोन पापेन यांच्यासारख्या पुराणमतवाद्यांचा हिशेब होता.

मग पालथा कागद उलटून उत्तर पुन्हा लिहायचं, ‘म्हणून’ हा शब्द न वापरता. तहाने राग पुरवला, मंदीने मतं, बंद दाराआडच्या वाटाघाटींनी पद. प्रत्येक कारणाचं काम वेगळं, हे तेव्हा कागदावर उतरतं.

दुसऱ्या सत्रात दहा मिनिटांचे सूक्ष्म पाठ, म्हणजे शिक्षकांनी सरावासाठी घेतलेले छोटे तास. हमखास चूक म्हणजे सगळ्या चिठ्ठ्या जशाच्या तशा वर्गात नेणं. चौदा वर्षांच्या मुलांना तीन पुरतात: 1928, जुलै 1932, नोव्हेंबर 1932. नाझी आणि त्यांचे बळी अशा भूमिका मुलांना देऊ नयेत. छळाचं नाटक होतं, समज वाढत नाही. आणि भिंतीवर आजच्या युरोपचा नकाशा नको. त्यावर पूर्व प्रशिया, हा तेव्हाच्या जर्मनीचा पूर्वेकडचा प्रांत, नाही, त्यामुळे पोलंडला दिलेल्या पट्ट्याने जर्मनीचे दोन तुकडे कसे झाले, हे कितीही समजावलं तरी दिसत नाही.