तुम्ही विचारलंत म्हणून: किती टक्क्यांवर ॲब्ज दिसतात?

साताऱ्यात बायकांना व्यायाम शिकवायला लागून मला नऊ वर्षं झाली. या नऊ वर्षांत सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच: “मॅडम, फॅट किती टक्क्यांवर आलं की ॲब्ज दिसतात?” पहाटेच्या बॅचमधली कॉलेजची मुलगी विचारते. लग्नाची तारीख ठरलेली मुलगी दोन महिन्यांची मुदत घालूनच विचारते. परवा अजिंक्यताऱ्याच्या चढावर ओळखीच्या एका काकूंनी थांबवून सुनेसाठी विचारलं. तोंडी उत्तर देताना घाई होते, अर्धं राहून जातं. जे राहून जातं तेच मला जास्त महत्त्वाचं वाटतं, म्हणून लिहायला बसले.

आधी आकडा, कारण तो तुम्ही मागितलाय. पोटाच्या मधोमध जाणारी उभी रेघ आणि दोन्ही कडांच्या रेषा बहुतेक बायकांना साधारण 20 ते 22 टक्क्यांच्या आसपास दिसू लागतात. आडव्या खाचा, म्हणजे ज्याला आपण सिक्स पॅक म्हणतो, त्या पुष्कळ जणींना 16 ते 18 टक्क्यांवर आणि काहींना त्याहून खाली गेल्यावरच दिसतात. पुरुषांना हेच 10-12 टक्क्यांवर दिसतं. अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइजचा एक तक्ता आहे. त्यात शरीर चालण्यासाठी लागणारी अत्यावश्यक चरबी पुरुषांत 2 ते 5 टक्के धरली आहे आणि बायकांत 10 ते 13. त्याच तक्त्यात खेळाडू बायका 14 ते 20 मध्ये येतात, नियमित व्यायाम करणाऱ्या 21 ते 24 मध्ये, आणि सर्वसाधारण बाई 25 ते 31 मध्ये. तेव्हा 27 टक्केवाली बाई अगदी ठणठणीत असू शकते. तिच्या पोटावर रेषा नसतील, एवढंच.

त्या रेषा ज्या स्नायूच्या, त्याचं नाव रेक्टस ॲब्डॉमिनिस. बरगड्यांच्या खालच्या कूर्चेपासून ओटीपोटाखालच्या हाडापर्यंत गेलेले दोन उभे पट्टे, मध्ये पांढरट चिवट जोड, आणि पट्ट्यांना आडवे आवळणारे बहुधा तीन-तीन बंध. हे बंध कुठे असावेत, दोन्ही बाजूंना सरळ रेषेत असावेत की नसावेत, हे जन्मतःच ठरलेलं असतं. एखादीला चारच कप्पे दिसतील, एखादीचे डावे-उजवे वरखाली असतील. व्यायामाने स्नायू जाड होतो, त्यामुळे थोडी जास्त चरबी असतानाही तो उठून दिसतो. बंधांची जागा मात्र बदलत नाही.

रोज 200 क्रंचेस मारून पोटावरची चरबी जाईल असं समजणाऱ्या ताई दर बॅचला भेटतात. 1971 साली अमेरिकेत टेनिसपटूंच्या दोन्ही हातांवरची चरबी मोजली गेली होती. वर्षानुवर्षं रॅकेट धरणारा हात दुसऱ्यापेक्षा जाड होता, पण कातडीखालच्या चरबीचा थर दोन्ही हातांवर सारखाच होता. पोटाचंही तसंच आहे. चरबी कुठून आधी उतरेल ते शरीर ठरवतं, आणि बाईचं शरीर मांड्या, कंबर, ओटीपोट इथली साठवण सहजासहजी सोडत नाही. 20 टक्क्यांवरच्या दोन मैत्रिणी शेजारी उभ्या करा. एकीच्या पोटावर रेषा असतील आणि मांड्या भरलेल्या, दुसरीचे हात-खांदे कोरलेले आणि नाभीखाली मऊ. दोघींनी मेहनत सारखीच केलेली असते.

वजनकाट्यासारख्या ज्या मशीनवर उभं राहून तुम्ही टक्के बघता, ती शरीरातून सौम्य वीज सोडून अंदाज बांधते. पाणी कमी-जास्त प्यालात, रात्री पापड-लोणचं झालं, पाळी तोंडावर आली, की आकडा हलतो. सकाळी 24 आणि संध्याकाळी 27 दाखवलं म्हणून रडवेली झालेली मुलगी मी पाहिली आहे. दर महिन्याला पाळीच्या त्याच दिवसांत, त्याच वेळी, त्याच मशीनवर बघा आणि कल कुठे आहे तेवढंच घ्या.

आता हिशोब. तुमचं वजन 60 किलो आणि चरबी 28 टक्के धरू. म्हणजे 16.8 किलो चरबी आणि 43.2 किलो बाकीचं शरीर. ते 43.2 किलो जसंच्या तसं राखून 18 टक्क्यांवर यायचं, तर वजन 52.7 किलो व्हायला हवं. सव्वासात किलोंच्या वर निव्वळ चरबी. एका किलोमागे साधारण 7,700 कॅलरी धरल्या तर सुमारे 56,000 कॅलरींची तूट. रोज 400 ची तूट ठेवली तरी साडेचार महिने, तेही एक दिवस न चुकता आणि स्नायू अजिबात न झडता. प्रत्यक्षात दोन्ही होत नाही. लग्नाला दोन महिने उरलेल्या मुलीला मी हा हिशोब वहीत मांडून दाखवते. ती नाराज होते, पण उपाशी राहण्यापेक्षा ती नाराज झालेली मला चालते.

हे मी इतक्या ठामपणे सांगते, कारण 26 व्या वर्षी मी स्वतः हे केलं आहे. कॉलेजात कबड्डी खेळलेली, अंगात ताकद होती, एका फिटनेस स्पर्धेत उतरायचं मनात घेतलं. मला चार्ट देणाऱ्या प्रशिक्षकाने मुलग्यांना दिलेल्या चार्टमधल्या पोळ्या कमी केल्या आणि तोच माझ्या हातात दिला. 1,200 कॅलरी आणि दिवसाला दोन तास व्यायाम. पाळीबद्दल त्याने एकदाही विचारलं नाही. मीही बोलले नाही. तिसऱ्या महिन्यात ती थांबली तेव्हा खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं, तयारीच्या दिवसांत तेवढी एक कटकट गेली म्हणून.

एप्रिलच्या उन्हात मी घरात स्वेटर घालून बसायचे. पहाटे तीनला जाग यायची आणि डोक्यात फक्त खाणं. भाच्याच्या बारशाला कंदी पेढ्यांचा बॉक्स फिरत होता. मी एकही घेतला नाही, पण त्यात किती पेढे उरलेत ते मला नेमकं सांगता आलं असतं. न्हाणीघरातल्या जाळीवर केसांचा पुंजका दिसला की आई तो गुपचूप उचलून टाकायची. स्पर्धेच्या दिवशी पोट दिसलं. सहाही कप्पे. आदल्या दिवसापासून पाणी तोडलेलं होतं, म्हणून तर इतके स्पष्ट. तो फोटो माझ्याकडे आहे. त्यानंतर महिनाभराने यवतेश्वरच्या घाटात पळताना नडगीत कळ आली आणि हाडाला बारीक तडा निघाला. पोवई नाक्याजवळच्या एका डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे बाजूला ठेवून पहिला प्रश्न केला, “पाळी शेवटची कधी आली होती?” मला तारीख आठवेना.

एकूण सात महिने ती आली नाही. परत आली तेव्हा वजन 5 किलोंनी वाढलेलं होतं आणि पोटावरची फक्त मधली रेघ उरली होती.

का थांबते, हे मी नंतर वाचून समजून घेतलं. 1974 साली रोझ फ्रिश आणि त्यांच्या सहकाऱ्याने मांडलं होतं की पाळी सुरू व्हायला शरीरात सुमारे 17 टक्के आणि ती नियमित राहायला सुमारे 22 टक्के चरबी लागते. हे आकडे अजून जिममध्ये फिरतात. पुढच्या संशोधनात दिसलं की नेमक्या टक्क्याला असं कुलूप नसतं. 17 टक्क्यांवर नियमित पाळी येणाऱ्या खेळाडू असतात आणि 24 टक्क्यांवर पाळी गेलेल्या मुलीही. मेंदू चरबीच्या साठ्याचा अंदाज घेतोच, पण त्याहून जास्त तो रोजची आवक बघतो. व्यायामात खर्च झाल्यावर शरीराच्या बाकी कामांना किती उरतं? 2003 साली ॲन लाउक्स यांच्या प्रयोगात नियमित पाळी असलेल्या तरुणींना फक्त पाच दिवस कमी ऊर्जेवर ठेवलं. चरबी सोडून उरलेल्या वजनाच्या दर किलोमागे 30 कॅलरींच्या खाली उरलं, की पाळी चालवणाऱ्या संप्रेरकाचे ठोके विस्कळीत झाले. पाच दिवसांत! कुणाचं थोडं आधी बिघडेल, कुणाचं नंतर, पण दिशा तीच.

वरच्याच 60 किलोंच्या बाईला हे लावून बघा. 43 गुणिले 30 म्हणजे जवळपास 1,300 कॅलरी, आणि त्याही व्यायामाचा खर्च वगळून. व्यायामात 400 जात असतील तर ताटात किमान 1,700 हव्यात. 1,200 चा चार्ट हाती घेतला, की 800 उरतात. किलोमागे जेमतेम साडेअठरा. माझं नेमकं हेच झालं होतं. पाळी थांबते त्याच सुमाराला इस्ट्रोजेन हे बायकांचं मुख्य संप्रेरक घटतं, आणि इस्ट्रोजेन घटलं की हाडं पोकळ होऊ लागतात. ती भरून घेण्याचं वय साधारण तिशीच्या आत संपतं. 2014 साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने या सगळ्या बिघाडाला मिळून रेड-एस असं नाव दिलं, आणि तो पुरुष खेळाडूंनाही होतो हेही सांगितलं. संप्रेरकांच्या गोळ्या घेऊन येणारा रक्तस्राव पाळी म्हणून मोजू नका. गोळ्यांमुळे येतो तो, शरीर भरून आलं म्हणून नव्हे.

याचा अर्थ चरबी उतरवूच नये असा कुणी काढू नये. पीसीओएस, म्हणजे संप्रेरकं बिघडून पाळी अनियमित होण्याचा विकार असलेल्या आणि वजन जास्त असलेल्या कित्येक जणींची पाळी 5 ते 10 टक्के वजन उतरल्यावर नियमित होते. आणि आपल्याकडे दुसरीच एक अडचण आहे: हातपाय काड्या आणि पोट पुढे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 22.3. युडकिन यांच्या शरीरात 9.1 टक्के चरबी आणि याज्ञिक यांच्या शरीरात 21.2. बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरात चरबी लपून राहते, आणि ती आतड्यांभोवती, यकृतात साठली की मधुमेहाकडे नेते. चिमटीत धरता येणारी, रेषा झाकणारी चरबी वेगळी आणि ही आतली वेगळी. म्हणून मी पहिल्या दिवशी टक्के न बघता टेप काढते. आपल्या बायकांसाठी कमरेचा घेर 80 सेंटिमीटरच्या आत, हे मला सहा कप्प्यांपेक्षा कितीतरी मोलाचं वाटतं.

बाळंतपणानंतरच्या पोटाबद्दल थोडं. वाईहून येणारी एक ताई दोन मुलांनंतर पोट जात नाही म्हणून घरी उठाबशा आणि क्रंचेस मारत होती. उताणी झोपवून मान उचलायला लावली तर नाभीपाशी मधोमध अडीच बोटं आत जात होती आणि पोटाला तंबूसारखा उंचवटा आला. ते दोन पट्टे गरोदरपणात लांब गेले होते ते जवळ आलेच नव्हते. तिला चरबी कमी करायची नव्हती, जोड सावरायचा होता. मी तिचे क्रंचेस बंद करून तिला फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. प्रत्येक सुटलेलं पोट चरबीचं नसतं.

मग मी सांगते काय? आठवड्यातून तीन दिवस वजनं उचला: स्क्वॉट, डेडलिफ्ट, वजन डोक्यावर ढकलणं, वजन अंगाकडे ओढणं. ताटात प्रथिनं वाढवा. आपल्याकडे कोरेगावचा वाघ्या घेवडा आहे, मटकी आहे, अंडी, ताक, पिठलं आहे. भाकरी सोडू नका. चरबी उतरवायची तर महिन्याला दीड-दोन किलोंच्या वर घाई नको. आणि वहीत वजनाच्या रकान्याशेजारी पाळीचा रकाना ठेवा. पाळी लांबायला लागली तर खाणं वाढवा, तीन महिने आलीच नाही तर डॉक्टरांकडे जा. एवढं सांभाळून पोटावर रेषा आल्या तर मला आनंदच आहे. काही जणींना त्या सहज येतात आणि त्या सुंदर दिसतात, मला आजही आवडतात.

माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर 2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये 3,000 मीटर स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत पोचली. पात्रता फेरीत तिने 9 मिनिटं 19.76 सेकंद असा राष्ट्रीय विक्रम केला. आमच्या जिल्ह्याला तिची ही वेळ पाठ आहे. मुलींशी बोलताना मी तिचं नाव घेते, कारण शरीर कशासाठी घडवायचं याचं याहून जवळचं उदाहरण माझ्याकडे नाही.

गेल्या वर्षी पोलीस भरतीची तयारी करणारी एक मुलगी बॅचला आली. बायकांना भरतीत 800 मीटर, 100 मीटर आणि 4 किलोंचा गोळा. तिचा 800 चा वेळ तीन मिनिटं पंचवीस सेकंदांवर अडकला होता, आणि ती मात्र फोनमधली पोटं दाखवून टक्के विचारत होती. दुपारी काकडी, रात्री एक सफरचंद. वहीतला पाळीचा रकाना तिने दोन महिने कोरा ठेवला. विसरले म्हणाली. तिसऱ्या महिन्यात मी तिला बाजूला बसवून माझा तो स्पर्धेतला फोटो दाखवला आणि नडगीचा एक्स-रेही. ती बराच वेळ एक्स-रेच बघत राहिली. त्या आठवड्यापासून तिची आई डब्यात दोन भाकऱ्या, उसळ आणि शेंगदाण्याची चटणी द्यायला लागली.

पुढच्या अडीच महिन्यांत वजन 3 किलोंनी वाढलं. शाहू स्टेडियमवर तिने 800 मीटर तीन मिनिटं चार सेकंदांत मारले तेव्हा घड्याळ माझ्या हातात होतं. त्यानंतर दहाएक दिवसांनी पहाटे साडेपाचला ती दारात आली, चप्पल काढता काढता वही पुढे केली आणि कोरा रकाना जिथे संपत होता तिथे बोट ठेवून म्हणाली, “मॅडम, काल.”