बर्था बेंझ यांच्या वाटेवर : मानहाइम ते फोर्त्सहाइम

ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ यांनी मोटारीचे शोधक असलेले पती कार्ल यांना न सांगता, ऑयगेन आणि रिशार्ड या मुलांना सोबत घेऊन, त्यांनी बनवलेली तीन चाकांची मोटार जर्मनीतल्या मानहाइमहून आपल्या माहेरी, फोर्त्सहाइमला नेली. सुमारे १०५ किलोमीटरच्या या प्रवासाकडे धाडस म्हणून पाहिले जाते. मला ती त्या गाडीची पहिली खरी रस्त्यावरची परीक्षा वाटते, आणि त्याच नजरेने मी भाड्याच्या मोटारीने हा मार्ग पाहिला.

निघण्यापूर्वी श्टुटगार्टच्या मर्सिडीझ-बेंझ संग्रहालयात १८८६ ची पेटंट मोटार निरखून घ्यावी. मागे आडवे बसवलेले फ्लायव्हील (इंजिनाची गती एकसारखी ठेवणारे जड चाक) आणि तो एकच सिलिंडर पाहिला, की चढावर मुलांना गाडी का ढकलावी लागली ते वेगळे सांगावे लागत नाही.

वीस्लोख येथे थांबावेच. त्या मोटारीला वेगळी टाकी नव्हती, जेमतेम साडेचार लिटर इंधन कार्ब्युरेटरमध्येच, म्हणजे इंधन आणि हवा मिसळणाऱ्या भागातच, मावत असे. त्यामुळे बर्था यांनी इथल्या औषधांच्या दुकानातून, एरवी कपड्यांवरचे डाग काढायला वापरले जाणारे लिग्रोइन इंधन म्हणून विकत घेतले. दुकानासमोर आज स्मारक आहे. पुढे तुंबलेली इंधननळी त्यांनी टोपीच्या पिनेने मोकळी केली, उघड्या तारेवर मोज्याचा पट्टा गुंडाळला, आणि साखळी लोहाराकडून दुरुस्त करून घेतली. लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा बाउशलॉटच्या चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. मला सर्वांत मोलाची वाटते ती ही नोंद, कारण ब्रेकला अस्तर लावण्याची कल्पना कारखान्यात नव्हे, रस्त्यावर सुचली. चढासाठी आणखी एक गिअर कार्ल यांनी नंतर बसवला, तोही याच अनुभवावरून.

जाणाऱ्यांनी नकाशात महामार्ग टाळण्याचा पर्याय निवडावा, नाहीतर यंत्र थेट ऑटोबानवर नेते आणि गावे हुकतात. वाटेत या मार्गाच्या पाट्या आहेत, पण नुसत्या त्यांच्या भरवशावर राहू नये. गावातल्या लहान रस्त्यांवर उजवीकडून येणाऱ्याला आधी वाट द्यावी लागते, हे आपल्या सवयीत नसते. आंतरराष्ट्रीय परवाना जवळ असावा. रविवारी दुकाने बंद असल्याने खाण्याची सोय शनिवारीच करावी. लाडेनबुर्गचे कार्ल बेंझ संग्रहालय रोज उघडे नसते, म्हणून वेळ आधी पाहून ठेवावी.

परतीचा मार्ग निराळा, ब्रेटेन, हॉकेनहाइम आणि श्वेट्झिंगेनवरून सुमारे ९० किलोमीटरचा आहे. त्यासाठी दुसरा दिवस राखून ठेवावा.