चवथीआधी होणार नाही

19 जुलै, रात्री

आज घाई केली आणि ती अंगाशी आली. बाबांच्या जुन्या गाडीच्या डॅशबोर्डवरच्या लांब लाकडी पट्टीला लॅकरचा दुसरा हात मारला तेव्हा बाहेर पाऊस धरूनच होता. फोंड्यात आषाढात उघडीप मिळायची वाट बघत बसलो तर काम गणेशचवथीआधी होणार नाही, म्हणून फवाऱ्याची गन उचललीच. पाच मिनिटांत पट्टीवर दुधासारखा धुरकट पांढरा थर चढला. खालच्या काळ्या रेषा धुक्यात गेल्यासारख्या पुसट झाल्या. पोटात खड्डाच पडला.

मेस्त्रींना फोन केला. घरच्या शिसवी खुर्च्यांना बाबांच्या वेळेपासून तेच पॉलिश करतात. ते छत्री घेऊन आले, पट्टी उजेडात धरून तिरकी करून पाहिली आणि एवढंच म्हणाले, "इतली घाय कित्याक?"

मग शांतपणे समजावलं. लॅकर पातळ करायला घातलेला थिनर भरभर उडतो, तो उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली ओल त्या ओल्या लॅकरवर बसते. ती आत अडकली की पांढरं दिसतं. लाकडाला काहीही झालेलं नाही, आता हात लावायचा नाही, कोरडा दिवस येऊ द्यायचा.

"पण मेस्त्री, चवथीला पाहुणे येणार..."

"पाहुण्यांना गाडी दाखवायची की गणपती?"

यावर मी काय बोलणार!

20 जुलै

झोप लागली नाही. भीती होती ती व्हीनियरची. ही 1984 ची मर्सिडीज 230 ई, बाबांनी जुनी म्हणून घेतलेली. तिच्या डब्ल्यू 123 मालिकेच्या गाड्या 1976 ते 1985 या काळात सुमारे 27 लाख निघाल्या, त्यामुळे इंजिनाचे भाग आजही शोधले तर मिळतात. पण लाकूड प्रत्येक गाडीचं वेगळं. हे झेब्रानो आहे, कॅमेरून-गॅबॉनकडचं झाड, फिकट तपकिरी अंगावर गडद पट्टे. तेही अख्खं लाकूड नाही, वर चिकटवलेला कागदासारखा पातळ पापुद्रा, म्हणजेच व्हीनियर. जुनं तडकलेलं लॅकर काढताना मी पंधरा दिवस घालवले ते याचसाठी. हीट गन लांबूनच धरायची, लॅकर मऊ झालं की काचेच्या तुकड्याच्या धारेने हलकेच उचलायचं. मग 320 आणि 400 नंबरचा पॉलिश पेपर, तोही रेषांच्याच दिशेने. आडवा फिरवला की ओरखडे राहतात आणि लॅकर चढल्यावर ते दुप्पट दिसतात. कोपऱ्यावर चार फेऱ्या जास्त झाल्या की खालचं लाकूड उघडं पडतं, आणि गेलेला पापुद्रा परत आणता येत नाही.

डाव्या टोकाला माझं तसं झालं आहे, तांदळाच्या दाण्याएवढं. मेस्त्री म्हणाले, बारीक ब्रशने रंगाची रेघ ओढू. मी नको म्हटलं होतं. आज वाटतं, ओढून घेऊया. ते रेषा छान ओढतात.

गिअरच्या बाजूच्या फळीवर बाबांच्या अंगठीचे खड्डे आहेत, सात-आठ, नखाएवढेही नाहीत. सिग्नलला थांबले की ते तिथे बोटाने ठेका धरायचे. ओलं फडकं आणि गरम इस्त्री लावली की लाकूड फुगून खड्डे भरतात, हे मला ठाऊक होतं. मेस्त्रींनी साफ नाही म्हटलं. वाफेने खालचा गोंद सुटला तर अख्खं व्हीनियर उठेल. मला बरंच वाटलं, खरं सांगायचं तर.

3 ऑक्टोबर

चवथ झाली, गाडी लाकडाविनाच पोर्चमध्ये उभी होती. डॅशबोर्डचा तो रिकामा भाग बघून पाहुण्यांनी विचारलं, मी सांगितलं, चालू आहे.

गेल्या आठवड्यात लख्ख उन्हाचे चार दिवस मिळाले. मेस्त्रींनी सावकाश सुकणाऱ्या थिनरचा नुसता फवारा मारला आणि माझ्या डोळ्यांसमोर पांढरेपणा विरत गेला. पट्टे वर आले! मेस्त्रींच्या बाजूला उभा राहून मी लहान मुलासारखा ओरडलो.

पीयू (पॉलियुरेथेन) मारावं की एन.सी. (नायट्रोसेल्युलोज) लॅकर, यावर आमचं बरंच बोलणं झालं होतं. पीयू जास्त टणक, उन्हालाही जास्त टिकतं. पण एन.सी.चा नवा हात जुन्यात विरघळून एकजीव होतो, पुढे ओरखडा आला तर तेवढाच भाग सुधारता येतो. गाडी सावलीत असते, रोजची धाव नाही, म्हणून मी एन.सी.च्याच बाजूचा. उन्हात उभी करायची वेळ आली तर काचेला पडदा लावायचा, हे ठरवून टाकलं.

सहा हात झाले. मध्ये 800चा वॉटर पेपर, शेवटी 1200 आणि 2000, मग रबिंग कंपाउंड. दुपारी सगळं बसवलं. आई येऊन पुढच्या सीटवर बसली, काही बोलली नाही. तिने गिअरशेजारच्या फळीवरून बोट फिरवलं. अंगठीचे खड्डे लॅकरखाली तसेच दिसतात, बोटाला मात्र आता लागत नाहीत. ती परत परत बोट फिरवत होती.